घरातल्या माणसाच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलताना

पान्यांची सवय असलेल्या माणसाला पुढचे ब्रेक पॅड बदलणं सहज जमतं. पहिल्या वेळी तीन-चार तास धरा, हात बसला की दीड तासात दोन्ही बाजू होतात. पण गाडी आईची, काकांची किंवा बहिणीची असेल तर काम तुम्ही करणार आणि घाट उतरणार ते. स्वतःच्या गाडीत पेडल जरा खाली गेलं किंवा कुठे घर्रघर्र आलं तर तुमच्या पायाला आणि कानाला लगेच कळतं. यातलं काहीच माहीत नसलेला माणूस मात्र तुमच्या 'झालं काम' या शब्दावर गाडी बाहेर काढतो. म्हणून जुने काढले आणि नवे घातले एवढ्यावर थांबू नका. पिना, क्लिपा आणि ब्रॅकेट साफ करणं आणि शेवटी पेडल कडक करून घेणं, हे अर्धं काम आहे. घरी केलेलं काम बिघडतं ते बहुतेक वेळा याच अर्ध्या भागात.

पुढचं सगळं पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पुढच्या चाकाला एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असलेल्या गाड्यांसाठी आहे. चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क, तिला पॅडनी दोन्ही बाजूंनी चिमटणारा तो कॅलिपर, त्यातला ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा तो पिस्टन, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि हे सगळं धरून ठेवणारी चौकट म्हणजे ब्रॅकेट. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच असतात. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.

आधी खात्री: पॅडच संपलेत का?

अलॉय चाक असेल तर जाळीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो. लोखंडी चाक असेल तर ते काढूनच बघावं लागतं. नव्या पॅडवर मागचा पत्रा सोडून साधारण १० मिलिमीटर माल, म्हणजे घासणारा थर, असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायला घ्या. बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. आतला पॅड बरेचदा आधी संपतो आणि तो बाहेरून नीट दिसत नाही.

बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. माल संपत आला की ती डिस्कला घासते आणि चीं असा बारीक, सलग आवाज येतो. हा इशारा मिळाल्यावर थोडे दिवस हातात असतात. त्याऐवजी खर्रर असा जाडा आवाज आणि पेडलला खरखर लागत असेल तर पत्राच डिस्कवर घासतोय. अशा गाडीला पॅडबरोबर डिस्कही लागेल असं धरूनच चाला. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. ती आपोआप जाते, त्यासाठी काही उघडायची गरज नाही.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी उतरलेली असेल तर लगेच ऑइल ओतू नका. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइलने भरते आणि डबीतली पातळी खाली जाते. नव्या पॅडसाठी पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल वर येतं. आधीच डबी भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडतं आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा लगेच भरपूर पाण्याने धुवा. पॅड जाड असूनही पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे.

पेडल स्पंजासारखं लागणं, दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाणं, चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ, रबरी होजला (ब्रेक ऑइलच्या नळीला) चिरा, डॅशबोर्डवर पेटून राहिलेला ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा, यातलं काहीही असलं तर नुसत्या पॅडने भागणार नाही. ती गाडी गॅरेजला द्या. मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीच्या मागच्या पॅडनाही हात लावू नका. तिथला पिस्टन स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या पद्धतीने मागे घ्यावा लागतो, क्लॅम्पने जोर लावला तर यंत्रणाच बिघडते.

सामान

पॅडचा एक सेट म्हणजे चार नग, दोन्ही पुढच्या चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या साली वेगवेगळे कॅलिपर आलेले असू शकतात, म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगून पॅड आणू नका. आरसीवरचा चासी नंबर दाखवून घ्या. आरसी हाताशी नसेल तर गाडीमालकाच्या डिजिलॉकरमध्ये ती सापडते. कंपनीचे अस्सल किंवा बॉश, राणे, ब्रेक्स इंडिया यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे पॅड बिलासह घ्या. ब्रेकच्या बाबतीत बिनानावाच्या स्वस्त डब्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. क्लिपांचा सेट वेगळा मिळत असेल तर तोही घ्या. पुडा फाडू नका, जपून उघडा. जुन्या पॅडशेजारी ठेवून पत्र्याचा आकार आणि दोन्ही टोकांचे कान जुळतात का बघा, नाही जुळले तर परत देता येतील.

हत्यारांमध्ये गाडीचा व्हील पाना, रॅचेटबरोबर १२, १४ आणि १७ च्या गोट्या (सॉकेट), १७ चा एक पातळ फिक्स पाना, ६ इंची सी-क्लॅम्प, टॉर्क रेंच (ठरावीक जोरावर आवळणारा पाना), वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि हातभर तार. टॉर्क रेंच एका दिवसासाठी कुणाकडून मागून आणला तरी चालेल, पण त्याशिवाय पहिलं काम करू नका. ब्रेक क्लीनर ५०० मिलिलिटरचा एक डबा पुरतो. एन-९५ मास्क, गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या. पॅडची काळी धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून क्लीनरने ओली करून खाली ठेवलेल्या पसरट भांड्यात पाडा.

ग्रीस ब्रेकसाठीचं हवं, सिलिकॉनचं किंवा सिंथेटिक, छोट्या ट्यूबमध्ये मिळतं. घरात असलेलं बेअरिंगचं पिवळं ग्रीस पिनांना लावलं की रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन जागच्या जागी घट्ट बसते. गंज सोडवायचे स्प्रेही पॅड आणि डिस्कच्या आसपास नकोत.

ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. बाटली सीलबंद हवी. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नका, हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मानकाप्रमाणे कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेलं १४० अंशांनाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब घाटात पाय सतत ब्रेकवर राहिला आणि ऑइल जुनं असलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि कडक हवी. सोसायटीचा उतार नको आणि पावसाने भिजलेली मातीही नको. पेव्हर ब्लॉकवर काम असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडखाली) जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर एखादा ब्लॉक खचतो. हँडब्रेक ओढा, गिअर पहिल्यात टाका. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचर लावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. उचलल्यावर जोर लावला तर चाक नुसतं फिरतं आणि गाडी जॅकवर हलते. जॅक दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात तिथेच लावा. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता आहे. गाडी त्याच्या भरवशावर ठेवून काम करायचं नाही, खाली घोडी लावायचीच. काढलेलं चाक दाराच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर बसणार नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू न उघडलेली राहिली की शंका आल्यावर बघायला नमुना मिळतो. उघडण्याआधी मोबाइलने चार-पाच फोटो काढा, विशेषतः क्लिपा कुठल्या बाजूला तोंड करून आहेत त्यांचे.

कॅलिपर उघडणं

तुम्ही काम करताय त्या बाजूला कॅलिपरची पाठ बाहेर येईल असं स्टिअरिंग वळवा. कॅलिपरच्या मागे वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट दिसतील, बहुतेक १२ किंवा १४ चे. बोल्टच्या डोक्यासमोर तोंड करून दिशा ठरवा. पाठीमागून हात घालताना डावं-उजवं उलटतं आणि बोल्ट सुटण्याऐवजी आवळला जातो. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर तिच्या चपट्या कडेवर पातळ फिक्स पाना धरा.

खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा उचलला जातो. पण पिना साफ करायच्या असल्याने दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर मोकळा केलेला बरा. काढल्यावर तो सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने बांधून टांगा. होजवर लोंबकळत सोडू नका. होज बाहेरून धड दिसली तरी आतून फाटते आणि मग ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही.

आता पॅड बाहेर येतील. ते कुठला आतला, कुठला बाहेरचा, या क्रमाने कागदावर मांडा. ते टाकून द्यायची घाई करू नका, कारण आत काय बिघडलंय ते जुने पॅडच सांगतात. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकत होता. आतला पत्र्यापर्यंत आलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, असं दिसलं तर पिस्टन मागे येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. बाहेरचाच जास्त गेला असेल तरी संशय पिनांवर, कॅलिपर ब्रेक सोडल्यावर परत येत नव्हता. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा, असेल तर एक पिन अडकलीय किंवा पॅडचा कान ब्रॅकेटच्या खाचेत रुतलाय. मालाचा रंग करडा झालाय, कडा भुगभुगीत होऊन तुटतायत आणि वर चकाकी आलीय, तर तो पॅड फार तापला होता. कारण न शोधता नवे पॅड घातले तर तेही तसेच जातील.

पिना आणि ब्रॅकेट

इथे घाई करू नका.

दोन्ही पिना हाताने ओढून बाहेर काढा. निरोगी पिन दोन बोटांनी सरकते. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्या गाडीची किंवा अख्खा पावसाळा एकाच जागी उभी राहिलेल्या गाडीची पिन बरेचदा गंजून घट्ट असते. ती गोल फिरवत, पुढे-मागे करत काढा. पक्कडीने ओरबाडू नका, पिनेवर चरा पडला तर तो रबराला कापत राहतो. पिनेवर खड्डे पडले असतील तर नवी पिन आणि रबरी बूट (पिनेवरचं रबरी आवरण) घ्या, हे किट स्वस्तात मिळतं. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो किंवा एक बाजू चपटी असते. त्यांची अदलाबदल करू नका.

जुनं ग्रीस फडक्याने आणि क्लीनरने पूर्ण काढा, भोकातलंही. नवं ग्रीस पिनेला पातळ थरात लावा. भोक ग्रीसने गच्च भरलं तर पिन आत ढकलल्यावर हवा कोंडते आणि हात सोडला की पिन गादीवर ठेवल्यासारखी परत बाहेर येते. तसं झालं तर जास्तीचं ग्रीस पुसून काढा. बुटाची कड पिनेच्या खाचेत नीट बसलीय का हे बोट फिरवून बघा. कड बाहेर राहिली तर पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

मग ब्रॅकेट. पॅडचे कान जिथे बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा काढा. क्लिपेखाली गंजाचा थर साठतो, तो क्लिपेला वर उचलतो आणि खाच अरुंद होते. नवा पॅड बसवताना हातोडीने ठोकावा लागतोय असं झालं तर कारण बहुतेक वेळा हेच. खाच वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासा. ब्रॅकेट जागेवर ठेवून हात पोचत नसेल तर त्याचे दोन बोल्ट काढून ते खाली घ्या. हे बहुतेक १७ चे आणि खूप घट्ट असतात, लांब दांडा लागतो. परत लावताना कंपनीच्या आकड्यावरच आवळा. क्लिपा लावल्यावर नवा पॅड बोटाने ढकलून खाचेत सरकला पाहिजे. अडत असेल तर पॅडच्या कानावरचा जादा रंग पॉलिश पेपरने हलका घासा, माल घासू नका.

डिस्क आणि पिस्टन

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो मोजायला साधा व्हर्निअर लावलात तर तो बाहेरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. डिस्कच्या दोन्ही तोंडांवर एकेक रुपयाचं नाणं ठेवून, कंगोऱ्याच्या आत, नाण्यांसकट जाडी मोजा. मग दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. उत्तर किमान आकड्याच्या जवळ आलं, तडे दिसले, नखाला लागेल असा खोल चर दिसला किंवा ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत होतं, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पूर्ण धुवून मगच बसवा.

पिस्टनचा रबरी बूट फाटलेला किंवा आतून ओला असेल तर इथेच थांबा, तो कॅलिपर खोलून दुरुस्त करायला हवा. बूट धड असेल तर डबीचं झाकण उघडा, तोंडावर स्वच्छ फडकं ठेवा, जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. दर दोन-तीन फेऱ्यांनी डबीकडे नजर टाका. ऑइल वरच्या खुणेपाशी येत असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. पिस्टन एकसारख्या जोराने, तिरका न होता आत गेला पाहिजे. क्लॅम्पवर अंगाचा जोर द्यावा लागला तर पिस्टन अडकलाय किंवा होज आतून बुजलीय. कॅलिपरवरचा निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) नळी लावून किंचित उघडा. आता पिस्टन सहज गेला तर दोष होजचा, तरीही नाही गेला तर दोष पिस्टनचा. दोन्हीचं काम गॅरेजमध्ये करून घ्या. निप्पल उघडलात तर नंतर त्या चाकाच्या ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

बसवणं

आवाज करणारी पट्टी असलेला पॅड बहुतेक आतल्या बाजूला असतो, पण पट्टी वर की खाली, हे जुन्या पॅडवरून आणि फोटोवरून ठरवा. दिशेचा बाण असेल तर चाक पुढे जाताना डिस्क ज्या दिशेला फिरते तिकडे तो ठेवा. कानांना आणि पत्र्याच्या पाठीवर पिस्टन टेकतो तिथे ग्रीसचा पुसट थर लावा. मालावर किंवा डिस्कवर ग्रीसचं बोट लागलं तर क्लीनरने लगेच धुवा. जास्त लागलं आणि माल ते प्यायला, तर तो पॅड बाद समजा.

कॅलिपर बसवून बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा, मग पाना लावा. कॅलिपरचे हे बोल्ट लहान असतात. छोट्या गाड्यांत त्यांचा टॉर्क साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. नवशिक्यांची चूक इथे उलटी असते: ब्रेकचं काम म्हणून जिवाच्या आकांताने आवळतात आणि आटे जातात.

चाक लावण्याआधी हबवरचा, म्हणजे चाक जिथे टेकतं तिथला, गंज वायर ब्रशने काढा, नाहीतर चाक तिरकं बसतं. नटची निमुळती बाजू चाकाकडे. हाताने सगळे नट लावा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. छोट्या गाड्यांत हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. पान्यावर उभं राहून आवळू नका, पंक्चर झाल्यावर रस्त्यात ते नट गाडीमालकाला सुटले पाहिजेत.

दुसरी बाजू अशीच. दुसरा कॅलिपर उघडा असताना कुणीही पेडल दाबायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर किल्ली खिशात ठेवा आणि दारं बंद करा. एक दाब पडला तरी पिस्टन बाहेर उडू शकतो.

पेडल कडक होईपर्यंत गाडी हलवायची नाही

पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिले तीन-चार दाब रिकामे जातात, ब्रेक लागतच नाही. याच क्षणी गाडी रिव्हर्समध्ये काढून भिंतीला ठोकणं ही घरच्या ब्रेककामातली नेहमीची दुर्घटना आहे. इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू, अर्ध्या टप्प्याने दाबत राहा. ते कडक होईपर्यंत दहा-पंधरा वेळा लागू शकतं. पूर्ण तळापर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यात) जिथे रबर कधी फिरलेलं नसतं तिथे गंज असतो आणि तो रबराला ओरखडे पाडतो. पेडल कडक झाल्यावर पाय ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाईल, तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा परिणाम आहे आणि तसंच व्हायला हवं. नंतर तीस सेकंद जोराने धरून ठेवा. ते जमिनीकडे सरकत राहिलं तर गाडी जागेवरच ठेवा.

डबीतली पातळी वरच्या खुणेपर्यंत करून झाकण लावा. मग आवारातच चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक लावून बघा, हात हँडब्रेकवर ठेवूनच. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० च्या वेगापर्यंत मध्यम दाबाने गाडी आणा. पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट चालू द्या आणि पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा केलं की पॅडचा माल डिस्कवर सारखा बसतो. थोडा जळका वास येणं ठीक आहे. शेवटी ब्रेक थंड होतील इतकी गाडी सावकाश चालवून आणा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर थरथर येते.

परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर तिकडचा पॅड सुटत नाहीये, पिना पुन्हा बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तरी तेच, किंवा एका पॅडला ग्रीस लागलंय. थंडपणी येणारी किंचित चीं पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बहुधा जाते. गेली नाही तर कानांचं ग्रीस आणि पॅडच्या पाठीची शिम (पातळ पत्री) बघा.

मागचे ड्रम

पुढचं काम हातात बसल्याशिवाय मागच्या लायनरना (ड्रमच्या आतल्या ब्रेक शूना) हात लावू नका, असाच सल्ला देईन. आत स्प्रिंगा, ॲडजस्टर आणि हँडब्रेकची केबल असते, आणि एक स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली तरी ड्रम घट्ट बसून झिजत राहतो. पण हँडब्रेक जास्तच वर येतोय का हे जरूर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ओढताना साधारण ५ ते ८ 'टक' आवाजांत धरला पाहिजे. जास्त जात असेल तर पुढच्या सर्व्हिसला ड्रम उघडून साफसफाई करायला सांगा.

गाडी परत देताना

ज्यांची गाडी आहे त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारा आणि मग त्यांना चालवू द्या. नव्या पॅडचं पेडल त्यांच्या सवयीपेक्षा वर लागतं, ते आधीच कळलेलं बरं. पहिले दोनशे किलोमीटर कारण नसताना कचकन ब्रेक मारू नका आणि त्याच संध्याकाळी वरंधा किंवा आंबोली उतरायला निघू नका, हे स्पष्ट सांगा. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी धरायची आणि पाय मधूनमधून ब्रेकला लावायचा, हेही त्याच वेळी दाखवा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरणाऱ्याचे कुठलेही पॅड टिकत नाहीत.

५० ते १०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावून चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासा, डबीतली पातळी बघा आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल नाही ना ते टॉर्चने बघा. काढलेलं जुनं ब्रेक ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपाकडे द्या. जुने चार पॅड पिशवीत घालून त्यावर तारीख, किलोमीटर आणि कुठला पॅड कुठला होता ते मार्करने लिहून डिकीत ठेवा. तीच तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवून लिहा. पुढच्या वेळी चाक उघडणारा तुम्ही असा की दुसरा कुणी, त्याला झिजेचा हिशोब तिथेच मिळेल.